‘करण्यात येईल’: भाकिताचे व्याकरण आणि मिरा-भाईंदर

१

मराठीत ‘भविष्य’ हे येणाऱ्या काळाचे नाव आहे, आणि त्या काळाविषयी कोणी केलेल्या विधानाचेही. ‘त्याचे भविष्य उज्ज्वल आहे’ आणि ‘त्याने भविष्य सांगितले’ या दोन वाक्यांत शब्द तोच असला, तरी पहिल्यात तो काळाचा निर्देश करतो आणि दुसऱ्यात उक्तीचा. ही द्व्यर्थता अपघाती मानण्याचे कारण नाही. जो काळ अद्याप आलेला नाही तो आपल्याला केवळ उक्तीच्या रूपानेच उपलब्ध असतो, याची जाणीव या शब्दात साठलेली आहे. असे असूनही एखादे भविष्य फसले की आपण ते सत्य होते की असत्य एवढेच तपासतो. ती उक्ती कोणत्या प्रकारच्या संहितेत होती, तिचा वक्ता कोण, तिचा श्रोता कोण आणि तिच्यात कर्तेपण कोणाला दिले होते, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

फसलेल्या भाकितांविषयीचे लेखन बहुधा दोन वळणांनी जाते. एक वळण गमतीचे : जुन्या जाणत्यांना पुढचे कसे दिसले नाही, हे दाखवून आजच्या वाचकाला सुखावणारे. दुसरे वळण माहितीच्या अभावाचे : तेव्हा आकडे अपुरे होते, साधने तुटपुंजी होती, म्हणून अंदाज चुकला. प्रस्तुत लेखात मुंबईच्या उत्तर सीमेलगतच्या मिरा-भाईंदर या शहराच्या संदर्भात या दुसऱ्या स्पष्टीकरणाची तपासणी करावयाची आहे. हे शहर कोणाच्याही संकल्पात मध्यवर्ती नव्हते. तरीही ते झाले. ज्यांनी मुंबईचे भविष्य लिहिले त्यांना येथील रेल्वे, खाडी, मिठागरे आणि गावे ठाऊक नव्हती असे म्हणता येत नाही. उणीव माहितीची होती त्यापेक्षा अधिक कथनाची होती, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

या प्रदेशाविषयीचे पहिले मोठे लिखित भविष्य म्हणजे एक भाडेपट्टा. १८७० मध्ये ब्रिटिश सरकारने मिरा, भाईंदर, घोडबंदर या परिसरातील जमिनींबाबतचे हक्क रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या मुदतीने दिले. खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधबंदिस्ती राखावयाची आणि त्याबदल्यात कुळांच्या पिकातील हिस्सा घ्यावयाचा, असे या व्यवहाराचे स्वरूप होते. कायद्याच्या भाषेत ९९९ हा आकडा ‘जवळजवळ कायमचे’ असे म्हणण्याचा एक संकेत असतो, हे मान्य केले तरी त्याचा शब्दशः अर्थ काढून पाहणे उद्बोधक ठरते. ही मुदत २८६९ मध्ये संपते. म्हणजे त्या वर्षापर्यंत येथे भातशेती असेल, बांध असतील, कुळे असतील, आणि पिकाचा वाटा देणारा व घेणारा यांचा संबंध आज आहे तसाच असेल, असे गृहीत धरूनच हा दस्तऐवज बोलतो. प्रत्यक्षात सव्वाशे वर्षे पुरी होण्याच्या आत त्यातील पुष्कळशा शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. पट्टा मात्र उरला. पुढे तो हक्क एका खाजगी कंपनीकडे गेला, आणि त्यातून निघालेले जमिनीच्या नोंदींचे वाद एकविसाव्या शतकातही चालूच राहिले. ज्या जगाचे वर्णन संहितेत होते ते जग गेल्यावरही संहितेचा अंमल संपला नाही. भाकीत चुकले म्हणजे ते निष्प्रभ झाले, असे आपण मानतो ते किती अपुरे आहे, हे येथे दिसते.

याच काळातील दुसरी संहिता रेल्वेच्या वेळापत्रकाची. १८६४ मध्ये गुजरातकडून येणारा लोहमार्ग ग्रँट रोडपर्यंत पोचला, आणि एप्रिल १८६७ मध्ये विरार ते बॅकबे अशी दिवसातून एक जाणारी व एक येणारी स्थानिक गाडी सुरू झाली. तिच्या थांब्यांच्या नोंदलेल्या यादीत वसईनंतर पाणजू आणि त्यानंतर थेट बोरिवली येते. खाडीच्या दोन पुलांमधील पाणजू या बेटाला थांबा होता. भाईंदर व मिरा यांची नावे यादीत नाहीत. आज पाणजूला स्थानक नाही, आणि भाईंदर व मिरा रोड ही पश्चिम रेल्वेवरील अतिशय गर्दीची स्थानके आहेत. वेळापत्रक हे वरवर पाहता वर्तमानाचे लेखन. पण कोठे थांबावे हे ठरवणे म्हणजे कोठे माणसे येतील हे सांगणेच होय. येथेही लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की तंत्रज्ञान बदललेले नाही. मार्ग तोच, खाडी तीच. बदलली ती त्या मार्गाशी माणसांनी जोडलेली नाती.

३

विसाव्या शतकात भाकिताची संहिता बदलते. पट्टा आणि वेळापत्रक यांची जागा ‘आराखडा’ घेतो. १९४८ मध्ये एन. व्ही. मोडक आणि अमेरिकी वास्तुरचनाकार आल्बर्ट मायर यांनी बृहन्मुंबईच्या आराखड्याची रूपरेषा सादर केली. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढवण्यात आली. १९६४ मध्ये शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मुंबईची वाढ रोखून ती खाडीपलीकडच्या मुख्य भूमीकडे वळवण्याचा विचार मांडला. ‘मार्ग’ या नियतकालिकात १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी बंदरापलीकडील जुळ्या शहराची कल्पना सविस्तर प्रतिपादिली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली, आणि १९७३ मध्ये मुंबई महानगर प्रदेशाच्या प्रादेशिक योजनेला मंजुरी मिळाली.

या साऱ्या लेखनाचा कथावस्तू म्हणून विचार केला, तर तिची रचना अगदी सुस्पष्ट आहे. मुंबई दक्षिणोत्तर पसरत गेली हा दोष. वाढ पूर्वेकडे वळवणे हा उपाय. वीस लाख लोकवस्तीचे नवे शहर ही फलश्रुती. सरकारी कचेऱ्या खाडीपलीकडे जातील, त्यांच्यामागे व्यापार जाईल, व्यापारामागे माणसे जातील, अशी ही कारणपरंपरा होती. तिच्यातील पहिलेच पाऊल पडले नाही. मंत्रालय हलले नाही. उलट त्याच दशकात नरिमन पॉइंटला समुद्र हटवून कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. मानखुर्द-वाशी लोहमार्ग प्रवाशांसाठी खुला व्हायला १९९२ साल उजाडावे लागले. नवी मुंबई झाली, आणि तिचे यश नाकारण्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या ११ लाखांवर होती. परंतु तिच्या निर्मितीमुळे मुंबईवरील भार हटेल हे जे मूळ भाकीत होते ते खरे ठरले नाही. बृहन्मुंबईची लोकसंख्या १९७१ मध्ये सुमारे ६० लाख होती. १९८१ मध्ये ती ८२ लाखांवर आणि १९९१ मध्ये ९९ लाखांवर गेली.

दरम्यान कथानकात दुय्यम भूमिका असलेली उत्तर दिशा आपल्या गतीने भरत होती. बोरिवली ते विरार या टप्प्याचे विद्युतीकरण १९३६ मध्येच झालेले होते. पूर्वेला संकल्प होता पण रेल्वे नव्हती; उत्तरेला रेल्वे होती पण संकल्प नव्हता. १९८५ मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून मिरा-भाईंदर नगरपालिका अस्तित्वात आली आणि २००२ मध्ये ती महानगरपालिका झाली. जनगणनेनुसार येथील लोकसंख्या १९९१ मध्ये सुमारे १ लाख ७५ हजार, २००१ मध्ये सुमारे ५ लाख २० हजार आणि २०११ मध्ये ८ लाखांहून अधिक होती. दहा वर्षांत जवळजवळ तिप्पट होणारे शहर ज्या आराखड्यांना दिसले नाही, ते आराखडे आंधळे होते असे म्हणून भागत नाही. त्यांची नजर कोठे लागलेली होती, हे पाहावे लागते.

४

येथे भाषेकडे वळणे आवश्यक आहे. मराठीतील ‘-ईल’ हा प्रत्यय एकाच वेळी तीन कामे करतो. ‘तो आता घरी पोचला असेल’ हा अंदाज आहे. ‘तो तुला पैसे देईल’ हे आश्वासन असू शकते. ‘उद्यापासून प्रत्येक जण वेळेवर येईल’ ही आज्ञा आहे. बोलताना सूर आणि प्रसंग यांवरून आपण यांतील भेद ओळखतो. लिखित योजनेत मात्र हे तिन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात, आणि ते तसे मिसळणे हेच तिच्या प्रभावाचे रहस्य असते. त्यात ‘-ण्यात येईल’ या प्रशासकीय रचनेची भर पडली की कर्ताही नाहीसा होतो. ‘रस्ता बांधण्यात येईल’, ‘जमीन संपादन करण्यात येईल’, ‘पुनर्वसन करण्यात येईल’. कोण बांधील, कोण संपादन करील, ते न झाल्यास जबाब कोण देईल, हे वाक्याने सांगण्याची गरजच उरत नाही.

हे आराखडे मुळात इंग्रजीत लिहिले गेले, हा आक्षेप येथे घेता येईल. तो खरा आहे. परंतु ज्यांच्या जमिनीवर ते उतरणार होते त्यांच्यापर्यंत ते जाहीर सूचना, नोटिसा आणि सात-बाराच्या उताऱ्यांवरील नोंदी यांच्या मराठीतूनच पोचले. उत्तन, चौक, पाली येथील कोळी आणि ख्रिस्ती वस्त्या, मुर्धे-राई-मोर्वे येथील आगरी कुटुंबे, भाईंदरच्या मिठागरांतील मजूर यांनी आपले भविष्य वाचले ते या मराठीत. ‘आगरी’ या नावातच आगर आहे. त्या आगराची नोंद नकाशावर ‘बिनविकसित’ म्हणून होते, तेव्हा मीठ पिकवणे हे काम म्हणून आणि भरतीचे पाणी जिरवणे हे त्या जमिनीचे कार्य म्हणून भाषेतूनच वगळले जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्यानंतर मिठागरे आणि खारफुटी रिकामी पडलेली नसतात, हे साऱ्यांना मान्य करावे लागले. जे तेथे राहत होते त्यांना हे सांगण्यासाठी प्रलयाची गरज नव्हती.

आता मिरा-भाईंदर कोणी वसवले, हा प्रश्न कर्तरी प्रयोगात विचारून पाहू. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील भाडी गोठवली. तो कायदा तात्पुरता म्हणून आला आणि मुदत पुन्हा पुन्हा वाढवत २००० पर्यंत टिकला. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने अतिरिक्त जमीन दुर्बल घटकांच्या घरांसाठी मोकळी होईल असे सांगितले. तसे फारसे न होता २००७ मध्ये महाराष्ट्राने तो मागे घेतला. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातील अनेक कुटुंबे उत्तरेकडे व पूर्वेकडे सरकली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबांनी मुंब्रा आणि मिरा रोड येथे आसरा शोधला. गुजराती, मारवाडी व्यापारी आले. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे छोटे कारखाने आले. उत्तर भारतीय कारागीर आले. भाडे, भय, लग्न, वाटणी, लोकलचा पास, नातेवाइकांची शेजारी असलेली खोली : शहर घडवणारी ही क्रियापदे होती. कोणत्याही आराखड्याच्या गृहीतकांत दंगलीसाठी रकाना नसतो. ‘करण्यात येईल’ या वाक्यात बसू न शकणाऱ्या कर्त्यांनी हे शहर केले.

याचा अर्थ असा नव्हे की नियोजनाविना वाढलेले ते सारे चांगले. पाण्याची टंचाई, रस्त्यांचा अभाव, अनधिकृत इमारती आणि लोकलच्या दारातील मृत्यू ही या शहराने दिलेली किंमत आहे. बिल्डर आणि स्थानिक सत्ताधारी यांचे हितसंबंधही त्या कर्त्यांमध्ये मोजावे लागतात. मुद्दा एवढाच की फसलेल्या भाकिताची किंमत भाकीत करणाराने दिली नाही. संकल्पित शहराला सोयी आधी आणि माणसे नंतर मिळाली. असंकल्पित शहराला माणसे आधी मिळाली आणि सोयी त्यांच्यामागून धापा टाकत आल्या.

५

पुढच्या पिढीतील भाकिते विरुद्ध दिशेने चुकली. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या अनुमानात २०१५ मध्ये मुंबईची लोकसंख्या सुमारे २ कोटी ७४ लाख होईल आणि ती टोकियोखालोखाल जगातील दुसरी महानगरी ठरेल, असे म्हटले होते. २०११ च्या जनगणनेत मुंबई नागरी समूहाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८४ लाख भरली. मूळ बेट शहराची लोकसंख्या तर २००१ ते २०११ या दशकात घटली. आधी वाढ रोखता येईल म्हणणारे चुकले. नंतर वाढ थांबणारच नाही म्हणणारे चुकले.

या दुसऱ्या चुकीतही सीमेचा प्रश्न आहेच. २०११ च्या त्या नागरी समूहात मिरा-भाईंदर मोजलेले आहे, पण खाडीपलीकडील वसई-विरार त्यात नाही. १२ लाखांहून अधिक वस्तीचे ते शहर वेगळे गणले गेले. रोज सकाळी एकाच गाडीत उभे राहणाऱ्या दोन माणसांपैकी एक मुंबईच्या आकड्यात आणि दुसरा बाहेर. ऑक्टोबर २०२० मध्ये मिरा-भाईंदर आणि वसई-विरार यांसाठी एकच पोलीस आयुक्तालय सुरू झाले, तेव्हा प्रशासनाने खाडी ओलांडली. भाकीत करणारा आकडा ‘मुंबई’ हे विशेषनाम स्थिर आहे असे धरून चालतो. प्रत्यक्षात त्या नामाचा निर्देशच सरकत राहिलेला असतो.

६

तंत्रज्ञानाविषयीच्या भाकितांचीही परीक्षा याच भूमीवर घेता येते. ऑल्विन टॉफ्लर यांनी ‘द थर्ड वेव्ह’ (१९८०) मध्ये इलेक्ट्रॉनिक साधनांमुळे काम घरी परतेल असे म्हटले. फ्रान्सेस केर्नक्रॉस यांच्या पुस्तकाचे (१९९७) नावच ‘द डेथ ऑफ डिस्टन्स’ असे आहे. साधनांपुरते पाहिले तर दोघेही बरोबर होते. मिरा रोडमधील खोलीत बसून अमेरिकेशी बोलता येऊ लागले. पण त्या बोलण्याचे एक रूप असे की ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घालून सातशेहून अधिक तरुण कर्मचाऱ्यांना ताब्यात घेतले. अमेरिकी करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तेथील नागरिकांकडून पैसे उकळल्याचा आरोप होता. अंतर खरोखरच संपले होते. आयुष्यातील संधींचे अंतर मात्र तेवढेच राहिले होते, आणि या उद्योगाला तरुण हात त्याच अंतराने पुरवले.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या आणि घरून काम हा प्रयोग सक्तीने झाला. ऑगस्ट २०२१ मध्ये लसीकरण पूर्ण झालेल्या सर्वसामान्य प्रवाशांना पुन्हा मुभा मिळाली, आणि काही काळात गाड्या पूर्वीसारख्याच भरल्या. ज्यांचे काम संगणकावर होते त्यांतील काही घरी राहिले. ज्यांचे काम हातांचे, दुकानाचे, इस्पितळाचे, दुसऱ्याच्या घरातील होते त्यांना तो पर्याय कधीच नव्हता. ‘माणूस घरून काम करील’ या वाक्यातील ‘माणूस’ कोण, हे भाकिताने सांगितलेले नव्हते.

आपली समीक्षाही या बाबतीत फार वेगळी वागलेली नाही. मर्ढेकरांनंतरच्या नवसमीक्षेने यंत्रयुगाविषयी एक मोठे भाकीत केले : महानगर आणि यंत्र माणसाला एकाकी, सुटा आणि यांत्रिक करून सोडतील, आणि पुढचे साहित्य त्या एकाकीपणाचे असेल. लोकल ही त्या भाकिताची आवडती प्रतिमा. त्या प्रतिमेने उत्तम कविता दिली, यात शंका नाही. परंतु लोकलच्या डब्यात भजनी मंडळे झाली, हळदीकुंकू झाले, भाजी निवडली गेली, जागेवरून टोळ्याही झाल्या. यंत्राने समूह विरघळवले नाहीत. जुने समूह मोडून नवे, कधी मायाळू आणि कधी क्रूर, समूह घडवले. चाळ आणि झोपडपट्टी यांना मराठी कादंबरीत जागा मिळाली, गिरणगावाला नाटकात मिळाली. दहिसरच्या नाक्यापलीकडे साडेतीनशे चौरस फुटांत हप्ते फेडत राहणारे कुटुंब आपल्या साहित्यविचारात फार काळ कोणत्याच प्रवर्गात बसले नाही. आराखड्याला जे शहर दिसले नाही ते समीक्षेलाही उशिरा दिसले, ही गोष्ट मनाशी नोंदवली पाहिजे.

७

जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने आली आणि पहिली ठरली. अशा कथेतील भविष्य प्रत्यक्षात आले नाही म्हणून ती कथा खोटी ठरत नाही. कारण ती आपले कल्पितपण लपवत नाही, आणि वाचकही ‘असे झाले तर’ या अटीवर ती वाचतो. तिच्या अगोदरच्या वर्षी मंजूर झालेली प्रादेशिक योजना हीदेखील एका अटीवर उभी असते. पण ती आपले ‘जर’ गाळून फक्त ‘ईल’ लिहिते. कल्पिताने घेतलेली जबाबदारी अनुमान घेत नाही, हा या दोन संहिताप्रकारांतील कळीचा भेद आहे. भाकीत करूच नये, असा निष्कर्ष यातून निघत नाही. पाणी, रेल्वे, शाळा यांसाठी पुढचे पाहावेच लागते. मागणी एवढीच की त्या लेखनाने आपले ‘जर’ परत लिहावेत आणि कर्ता नाव घेऊन सांगावा.

साहित्याच्या अभ्यासकाला या कामात वाटा उचलता येईल. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार प्रत्येक प्रारूप आराखड्यावर नागरिकांकडून ‘हरकती व सूचना’ मागवल्या जातात. भाकिताच्या संहितेत ज्याच्याविषयी बोलले जाते तोच बोलू लागतो, अशी ही एकमेव जागा. ‘माझे घर, माझी विहीर, माझी वाट येथे आहे’ अशी वर्तमानकाळातील वाक्ये तेथे ‘करण्यात येईल’ या वाक्यांसमोर उभी राहतात. नगररचनाकारांनी ही पत्रे क्रमांक घालून निकालात काढली. इतिहासकारांनी थोडीफार चाळली. त्यांतील भाषेचा, संबोधनांचा, काळाच्या प्रयोगाचा आणि ‘मी’ व ‘आम्ही’ यांच्या अदलाबदलीचा अभ्यास आपल्या विद्यापीठांच्या मराठी विभागांनी हाती घ्यावयास हवा. उत्तन किंवा राई येथील एखाद्या हरकतीत कदाचित असे भविष्य लिहिलेले सापडेल, जे खरे ठरले आणि तरीही कोणी वाचले नाही.